अभ्र्यावरचा चेहरा

१

पाळणाघर सकाळी सातला उघडतं आणि आमची धुलाईही सातलाच सुरू होते. मधलं अंतर चालत अकरा मिनिटांचं. पळत जाऊन ते मी सात मिनिटांत करून बघितलंय, पण मग दुपारपर्यंत कुशीत कळ मारते आणि टबातून ओल्या चादरी उपसताना डोळ्यांपुढे काजवे चमकतात. शिवाय सात मिनिटं झाली तरी उशीर तो उशीरच.

आमचं आवार मोठं आहे, भोवती तारेचं कुंपण. आत लष्कराचा दवाखाना, दवाखान्याची धुलाई, कामावरच्या बायांच्या मुलांसाठी पाळणाघर, आणि मागच्या अंगाला काही इमारती. त्यांच्यावर नाव नाही, नुसते आकडे. तिथं काय चालतं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. तिथल्या चादरी-अभ्रे गाड्यावर घालून हमाल आणतात, आम्ही धुतो, परत जातात. आमचा संबंध तेवढाच.

पूर्वी प्रत्येक दारावर माणूस असायचा. "काय बाई, आज घड्याळ विकलं काय?" म्हणायचा आणि सोडायचा. मागच्या वर्षी ती माणसं काढली आणि दारादारावर चेहरा ओळखणारं मशीन बसवलं. ताटलीएवढी काळी काच. समोर उभं राहायचं. आतून बाईचा आवाज येतो, "डोळे मिटा." मिटायचे. "डोळे उघडा." उघडायचे. हिरवा दिवा लागतो, टक् करून दार सुटतं, आणि तुमची वेळ आपोआप लिहिली जाते. फोटो छापून हातात धरला तर चालू नये म्हणून ते डोळ्यांचं.

या मशीनपुढे रडून उपयोग नाही, हे पहिल्याच महिन्यात कळलं. महिन्यात तीन उशीर झाले की ताकीद, तीन ताकिदी झाल्या की घरी. आणि नोकरी गेली की पाळणाघरही गेलं, कारण ते कामावरच्या बायांपुरतंच. माझी बुटकी चार वर्षांची. तिचे बाबा ट्रकवर. महिन्यातून दोनदा घरी येतात, तेही झोपायला. तिला ठेवायचं कुठं? हा एकच प्रश्न मी सकाळी उठताना अंगावर घेते आणि रात्री पडताना उशाला ठेवते.

तोड काढली फिरकीनं. फिरकी आमच्या दाबमशीनवर असते. चादरीवर वॉर्डाचा आकडा उमटवायचं ते गरम मशीन. तिचं खरं नाव वेगळं, पण मोठ्या साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत कुणाची ना कुणाची फिरकी घेतल्याशिवाय तिला पाणी गोड लागत नाही. ती आवाराला लागूनच राहते, म्हणून सातच्या दहा मिनिटं आधीच येऊन बसते.

"तुझा एक चांगला फोटो दे," ती म्हणाली.

"कशाला? स्थळ बघतेस?"

"बघते की. मशीनशी लावून देते तुझं."

मी मोबाईलमधला एक दिला. बुटकी तीन महिन्यांची असतानाचा. त्यात मी हसते आहे. का हसत होते ते आता आठवत नाही. फिरकीनं तो खऱ्या तोंडाएवढा छापून आणला, गरम दाबानं एका जुन्या अभ्र्यावर उमटवला, दवाखान्याची घट्ट खळ लावून पत्र्यासारखा कडक केला, आणि डोळ्यांच्या जागी कात्रीनं दोन भोकं पाडली. मग तो तोंडावर धरून ती माझ्याकडे वळली.

माझ्या हसऱ्या चेहऱ्यातून तिचे घारे डोळे. मी ओरडलेच.

"आरडतेस काय? एवढी छान दिसत होतीस, घरात कुणी सांगितलं नाही वाटतं?"

मशीननं "डोळे मिटा" म्हटलं, फिरकीनं मिटले. "उघडा" म्हटलं, उघडले. हिरवा. सहा बावन्नला मी कामावर हजर, आणि सात वाजता मी पाळणाघराच्या दारात बुटकीच्या नाकाला रुमाल लावून उभी.

सुट्टी सोडून रोज असं चालायचं. मी पोहोचले की काच टाळून हमालांच्या गाड्यामागून आत शिरायचे. आठ महिने चाललं. अभ्रा चुरगळला की फिरकी त्यावर इस्त्री फिरवायची आणि मला ओरडून सांगायची, "ए बाई, तुझ्या गालावर सुरकुती पडली होती, काढली बघ!"

मी हसायचे. खरं सांगायचं तर हसायचं काम आता तो अभ्राच करत होता.

२

दर महिन्याला हजेरीचा कागद भिंतीवर लागतो. मी माझी ओळ बोटानं वाचत होते, उशीर किती पडले ते बघायला. उशीर एकही नव्हता. पण माझ्या साप्ताहिक सुट्टीच्या चौकटीतही वेळ होती. सहा बावन्न.

त्या दिवशी मी घरी होते. दिवसभर कपडे धुतले होते. लोकांचे धुऊन झाल्यावर घरचे.

"सुट्टीच्या दिवशी कशाला नाचवलंस मला?" मी फिरकीला विचारलं.

"मी? सुट्टीच्या दिवशी मी माझं तोंड इथं आणत नाही, तुझं कशाला आणू?" तिची आणि माझी सुट्टी एकच. तिनं लॉकर उघडून दाखवला. अभ्रा तिच्या चादरींच्या गठ्ठ्याखाली, पाठीवर निजलेला. किल्ली तिच्या कमरेला.

"मशीन चुकलं असेल," मी म्हटलं.

"चुकू दे. तुझ्या फायद्याचं चुकलंय, बोलू नकोस."

नाही बोलले. पण मग मी मागच्या महिन्याचा कागद शोधला. तो अजून त्याच खिळ्याला खालच्या बाजूला होता. त्यात चारपैकी दोन सुट्ट्या भरलेल्या होत्या. सगळीकडे सहा बावन्न. माणूस रोज त्याच मिनिटाला कसा येईल? फिरकीही कधी पन्नासला येते, कधी पंचावन्नला. मी स्वतःची समजूत घातली की मशीनला एकदा सवय लागली की ते आपलं लिहीत असेल. आम्हीही नाही का, रोजचा दूधवाला येऊन गेला असेल असं धरूनच चालतो.

दिवसभर पाण्यात हात होते. संध्याकाळपर्यंत विसरले.

३

"आई, तू दुपारी का आलीस?" बुटकीनं विचारलं. आम्ही घरी चाललो होतो. ती कडेवर, तिची पिशवी दुसऱ्या खांद्यावर, माझा डबा हातात.

"मी कुठं आले? मी कामावर होते."

"आलीस की. दारात उभी होतीस. काचेतून."

"ताई असेल. नाहीतर कुणाची तरी दुसरी आई."

"तूच." मग तिनं माझ्या गालाला हात लावला. मला वाटलं लाड करते आहे. ती बोटानं ओठांच्या कडा चाचपत होती. "आई, तुझं तोंड दुखत नाही का, इतका वेळ हसून?"

मी तिला खाली उतरवलं. हात भरून आले होते असं तिला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पाळणाघरच्या ताईंना सहज विचारल्यासारखं विचारलं. ताई म्हणजे मुलांना सांभाळणाऱ्या. वयानं माझ्याहून थोड्या मोठ्या, चष्म्याला दोरी बांधलेल्या.

"अहो, मीच तुम्हाला विचारणार होते," त्या म्हणाल्या. "दुपारी दार टक् वाजतं, पाटीवर तुमचं नाव येतं, 'आई आल्या आहेत'. मी मुलांना झोपवून उठेपर्यंत कुणी नसतं. तीनदा झालं असं. मला वाटलं, बघून जात असाल. आईचा जीव."

"हो," मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही. 'नाही' म्हटलं असतं तर पुढे बरंच बोलावं लागलं असतं, आणि सात वाजून चार मिनिटं झाली होती.

वाटेत मी हिशेब जुळवत राहिले. दुपारी फिरकी माझ्या समोर असते. दाबमशीन सोडून ती लघवीलाही माझ्याशिवाय जात नाही. मग कुणीतरी लॉकर उघडून अभ्रा नेत असेल? आणि नेऊन माझ्या मुलीकडे बघत काय उभं राहील? लहान मुलं काहीही सांगतात, हे खरं आहे. पण ताईंच्या दाराचं काय? दार काही लहान नाही.

४

त्याच आठवड्यात रेडिओवर सांगितलं की लोकांच्या चेहऱ्यांचा जो मोठा साठा सरकारनं एका ठिकाणी ठेवला होता, त्यात बाहेरचं कुणीतरी शिरलं. किती चेहरे गेले ते सांगता येत नाही. देशाच्या सुरक्षेला धोका नाही, नागरिकांनी घाबरू नये. मग लगेच हवामान सांगितलं.

धुलाईत दिवसभर तोच विषय.

"घाबरू नये म्हणाले म्हणजे घाबरायचं," एक म्हातारी म्हणाली.

"आपलं काय जातंय?" फिरकी म्हणाली. "दुश्मनानं माझं तोंड नेलं तर आधी त्याला माझी सासू भेटेल. दोन दिवसांत परत आणून देईल, वर माफी मागेल."

सगळ्या हसल्या. मी हसले नाही म्हणून फिरकी जवळ आली. मग मी तिला सगळं सांगितलं. सुट्टीचं, पाळणाघराचं, बुटकीनं तोंड चाचपल्याचं. ऐकताना तिनं दाबमशीनवर एकाच चादरीवर दोनदा आकडा मारला.

"जाळून टाकू," ती म्हणाली.

जाळलं नाही, धूर झाला असता तर शंभर प्रश्न. जेवणाच्या सुट्टीत तिनं कात्रीनं अभ्रा कापला. आधी कपाळ, मग नाक, मग ओठ. ओठ कापताना "माफ कर गं" म्हणाली. चिंध्या उकळत्या टबात टाकल्या, वर बाटलीभर ब्लीच ओतलं. दोन तासांनी काढल्या तर पांढऱ्याफटक. त्यांनी आम्ही फरशी पुसली. मला हलकं वाटलं. आता उशीर झाले तर होऊ देत, ताईंच्या हातापाया पडेन, पाच मिनिटं आधी दार उघडा म्हणेन.

दुसऱ्या दिवशी मी सात वाजून नऊ मिनिटांनी धुलाईच्या दारात पोहोचले. घामानं निथळत काचेपुढे उभी राहिले. डोळे मिटले, उघडले. दिवा पिवळा लागला. आधी कधी पिवळा बघितला नव्हता.

"नोंद आधीच झाली आहे," आतली बाई म्हणाली. "वेळ, सहा बावन्न."

दार सुटलं. फिरकी आत दाबमशीनपाशी उभी होती. मी काही बोलायच्या आत तिनं दोन्ही तळहात माझ्यापुढे केले, लहान मूल दाखवतं तसे.

"मी पन्नासला आले," ती हळू म्हणाली. "आत शिरले. माझ्यामागं दार मिटलं. मग परत टक् वाजलं. कुणीतरी आत आलं. मला वाटलं तू. मी म्हटलंही, आज लवकर गं?"

"मग?"

"उत्तर नाही आलं."

"तू वळून बघितलं नाहीस?"

"नाही."

"का?"

मी वाट बघितली. आता ती काहीतरी टोला मारेल, मी शिवी घालीन आणि दोघी कामाला लागू. ती चादर सरळ करत राहिली. चादर सरळच होती.

५

तीन दिवसांनी सुरक्षेच्या साहेबांनी बोलावलं. त्यांची खोली अरुंद. एक टेबल, त्यावर संगणकाचा पडदा, खिडकीला जाड जाळी, आणि भिंतीतून कुठंतरी यंत्र घुमल्याचा आवाज. साहेबांचे डोळे लाल होते. मला भीती वाटायला हवी होती, पण आधी मनात आलं, हाही माणूस झोपलेला नाही.

"बसा बाई. मागच्या इमारतींमध्ये कधी जाता का?"

"नाही साहेब."

त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. इमारत चार, आतलं दार. इमारत सहा, नोंदींची खोली. इमारत सहा, तळघर. प्रत्येक ओळीपुढे माझा क्रमांक. "बावीस वेळा," ते म्हणाले. "आणि प्रत्येक दार तुम्हाला उघडलं. का उघडलं ते मला कळत नाही. दारं म्हणतात, ओळखीच्या आहेत."

मग त्यांनी फोटो लावले. मशीन प्रत्येक वेळी काढतं तो. मी धास्तावले, कारण आता अभ्रा दिसणार.

जुन्या फोटोंत दिसतही होता. ठाऊक असणाऱ्याला. कानाजवळ शिवण, हनुवटीपाशी खळीची चकाकी, भोकांतून फिरकीचे घारे डोळे. साहेब ते भराभर सरकवत होते. नंतरच्या फोटोंत शिवण नव्हती. त्यानंतरच्या फोटोंत डोळे घारे नव्हते, माझ्यासारखे काळे होते. हसू तेच. आणि शेवटचा फोटो त्याच सकाळचा. त्यात डाव्या भुवईवर एक बारीक खपली होती.

माझा हात आपोआप भुवईकडे गेला. परवा कपाटाचं दार लागलं होतं. परवा. अभ्र्यावरचा फोटो चार वर्षांपूर्वीचा होता, तो अभ्राही कापून झाला होता, आणि खपली परवाची.

"या तुम्हीच ना?" साहेब म्हणाले.

खोलीत नुसतं ते घुमणं. त्या घुमण्यात माझ्या मनात एक विचार आला. तो आला म्हणून पुढचं झालं, म्हणून तो लिहिते. मला वाटलं, मीच असेन. मी इतकी थकलेली असते. सकाळी दूध कधी तापवलं ते मला आठवत नाही, दाराला कुलूप लावलं का हे बघायला मी दोनदा जिना चढते. माझे पाय मला न विचारता कुठं जात असतील तर मला कुठं कळणार आहे?

साहेबांनी डोळे चोळले. "हे बघा बाई. माझ्याकडे बारा आवारं आहेत आणि त्या चोरीपासून मी घरी गेलेलो नाही. तुम्ही म्हणालात 'मी नव्हते', तर मला तुमचा चेहरा बंद करावा लागेल. सगळ्या दारांना. चौकशी चार-सहा महिने. आणि तुम्ही म्हणालात 'मीच होते, हमाल नव्हते म्हणून चादरी आणायला गेले होते', तर कागद इथंच मिटतो."

"सगळ्या दारांना म्हणजे पाळणाघराच्याही?"

"सगळ्या."

कळत होतं मला. सातवीपर्यंतच शिकले असले तरी, त्या आकड्याच्या इमारतींत माझं तोंड घेऊन कोणीतरी शिरतंय आणि ते सांगायला हवं, एवढं कळायला सातवी पुरते. पण सांगायचं तर अभ्रा सांगावा लागणार, फिरकी जाणार, मी जाणार. आणि बुटकी चार-सहा महिने कुठं?

"मीच होते, साहेब," मी म्हटलं. "चादरी आणायला."

त्यांनी मोठा श्वास सोडला. मला वाटतं, आम्ही दोघांनीही सोडला. "मग मी हे सगळे फोटो तुमचेच म्हणून पक्के करतो. म्हणजे मशीन पुन्हा गोंधळणार नाही. ते रोज शिकत असतं, आपण सांगू तसं."

त्यांनी एक बटण दाबलं. मी कागदावर सही केली. अक्षर नीट आलं होतं, एवढं आठवतं.

६

त्याच दिवशी, दुपारी चार वाजता, पाळणाघर सुटायची वेळ. दारात दहा-बारा बाया. एकेक जण काचेपुढे उभी राहते, दार टक् वाजतं, एकेक मूल बाहेर येतं. माझी पाळी आली. डोळे मिटले, उघडले.

लाल.

"चेहरा जुळत नाही."

केस मागे सारले, घाम पुसला, परत उभी राहिले. लाल. मागच्या बाया पुढे होऊन आपापली मुलं घेऊन गेल्या. एकीनं "काचेला बोटं लागली असतील" म्हणून आपल्या ओढणीनं काच पुसून दिली. लाल.

शेवटी मी एकटी राहिले. काचेच्या दारापलीकडे ताई, आणि त्यांच्या मागं बाकावर बुटकी, पिशवी पाठीला लावून. ती माझ्याकडे बघत होती. उठली नव्हती.

"ताई, उघडा ना."

"अहो, माझ्या हातात कुठं आहे? हिरवा लागल्याशिवाय आतूनही सुटत नाही." त्यांचा आवाज काचेतून लांबून आल्यासारखा येत होता. "थांबा, साहेबांना फोन लावते. तुम्ही जरा हसून बघा. फोटोत हसऱ्या आहात तुम्ही."

मी हसले. काचेत स्वतःला हसताना बघितलं, डोळ्यांतून पाणी येत असताना. लाल. अजून हसले. ओठ ताणून गाल दुखेस्तोवर. लाल. मग मला ते जमेना. मी मशीनपासून बाजूला झाले, दाराच्या काचेला टेकले आणि पदरानं तोंड पुसायला लागले.

"डोळे मिटा," मशीन म्हणालं.

मी तर बाजूला होते. मशीनपुढे कुणी नव्हतं. तरी सवयीनं मी डोळे मिटले.

"डोळे उघडा."

टक्.

"लागला बघा!" आतून ताई. त्या फोनमध्ये बघत होत्या, आत्ता मान वर केली होती. "म्हटलं नव्हतं, हसा म्हणून?"

हिरव्या उजेडात दाराची काच आरशासारखी झाली होती. त्यात माझं तोंड, लाल नाक, ओले गाल. आणि माझ्या खांद्यामागे, माझ्याच उंचीवर, एक भांग. माझा भांग जसा डावीकडे जरा वाकडा पडतो तसाच. त्याखाली गालाचा एक तुकडा. माझा गाल ओला होता. तो कोरडा होता.

दार सरकलं, काच बाजूला झाली आणि बुटकी धावत सुटली. हात पसरून, हसत. मी खाली वाकले. ती माझ्यापाशी थांबली नाही. माझ्या बाजूनं पुढे निघाली.

मी न वळताच बाजूनं तिच्या फ्रॉकला हात घातला. कमरेला विळखा घातला आणि ओढून छातीशी घेतली. इतकी जोरात की ती रडायला लागली. डोळे मी गच्च मिटले होते.

"आई?" ती म्हणाली. पण मान माझ्या खांद्यावरून मागे वळलेली होती, आणि हाक मला होती असं मी अजून खात्रीनं सांगू शकत नाही.

७

याला पाच आठवडे झाले. माझी हजेरी चोख आहे, एकही उशीर नाही. सकाळी सहा बावन्नला मी कामावर असते, मग मी कुठंही असो. आत मी परत हमालांच्या गाड्यामागूनच शिरते. फिरकीनं पाळी बदलून घेतली. परवा जिन्यावर भेटली तेव्हा मी मुद्दाम म्हटलं, "काय गं, सासू काय म्हणते?" तिनं माझ्या डोळ्यांत नीट निरखून बघितलं, एकात, मग दुसऱ्यात, आणि मगच उत्तर दिलं. मला राग आला नाही. मीही सकाळी आरशात तेच करते.

साहेबांकडे परत गेले होते. त्यांची बदली झाली. नव्या साहेबांनी पडद्यावर बघून सांगितलं, "बाई, तुमचं सगळं पक्कं आहे, तुमचीच सही आहे." मागच्या इमारतींची दारं आता रोज किती वेळा उघडतात आणि तिथून काय बाहेर जातं, हे मी विचारलं नाही. ते फार मोठं आहे, मला पेलायचं नाही. मला धाक एका दाराचा.

त्या दाराला मी आता हात लावत नाही. सकाळी बुटकीला घेऊन काचेच्या एका बाजूला उभी राहते, दुपारी चारला तिथंच. वाट बघते. कधी लगेच, कधी पाच मिनिटांनी मशीन म्हणतं, "डोळे मिटा." टक्. ताई हसून हात करतात. बुटकी बाहेर आली की मी तिला उचलून कडेवर घट्ट धरते आणि मागं न बघता चालू लागते. मी चालते तेव्हा मागं चपलांचा आवाज असतो, मी थांबले की थांबतो. तेवढं मी धरून चालले आहे. रोजचीच उन्हाची वाट असते, माणसं येतात-जातात, कुणी माझ्याकडे दोनदा बघत नाही. बुटकी माझ्या खांद्यावरून मागं बघून बोटांचे खेळ दाखवते. कुणीतरी परत दाखवत असावं, कारण ती मधेच खुदकन हसते.

कामाचं ठिकाण बदलायचं मनात येतं. पण आता सगळीकडे तीच काच आहे. दवाखान्यात, बँकेत, शाळेच्या फाटकात. नव्या जागी माझ्यासाठी हिरवा कोण लावणार?

काल धुलाईत दोन पाळ्यांचं काम एकत्र आलं. चारला मी पाळणाघराशी पोहोचले तेव्हा दंड थरथरत होते. टक् लगेच वाजलं. बुटकीला उचललं आणि निघाले. चढाला लागल्यावर ती एकदम जड वाटायला लागली. मी तिला या कडेवरून त्या कडेवर घेतलं, परत या कडेवर.

"आई, दमलीस?"

"नाही गं."

"दमलीस तू." तिनं माझ्या कपाळावरचा घाम पुसला, मग मागं बघितलं, मग माझ्या कानाशी तोंड आणून समजुतीनं म्हणाली, "तिच्याकडे दे ना मला. ती दमत नाही. थोडाच वेळ."

मी थांबले. नाही म्हणायचं होतं. तोंडाशी आलेलं होतं. पण दंड इतके दुखत होते, आणि चढ अजून बराच होता, आणि ती म्हणाली होती, थोडाच वेळ.

"नाही," मी म्हटलं.

म्हणायला मला वेळ लागला. तेवढ्या वेळात मागच्या चपला थांबल्या नव्हत्या. एक पाऊल जास्त पडलं होतं.